काकांचा रावण आणि बोटीवरची कॅसेट

गेल्या दिवाळीत मुलीने माझ्या कानांत दोन पांढरी बोंडं खुपसली आणि फोनवर काहीतरी दाबून माझ्या तोंडाकडे बघत बसली. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक माणूस असा काही ओरडला की माझ्या हातातली चकली ताटलीत पडली. मी ओळखलं. न ओळखायला काय झालं, हे गाणं मी पोफळीच्या कॉलनीत आणि आमच्या गावच्या पडवीत इतकं ऐकलंय की तो माणूस श्वास कुठे घेतो तेही मला पाठ आहे. मुलगी म्हणाली, जगात ब्लॅक मेटल नावाचा जो गाण्याचा प्रकार आहे तो ज्या चारदोन रेकॉर्डींपासून सुरू झाला त्यांतली ही एक, आणि परदेशात लोक तिच्यावर मोठमोठे लेख लिहितात. तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, ती घरघर का, सापडली का पुन्हा? आमच्या घरात ह्या संगीताला घरघर म्हणतात.

मग मी ती रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत ऐकली. लेख लिहिणाऱ्यांनी मला विचारलेलं नाही, तरी मत देतो.

पहिली गोष्ट, ती लहान झालीय. माझ्या आठवणीत तिच्यात राक्षसांची फौज होती. आता नीट ऐकलं तर तीन पोरं ऐकू येतात आणि त्यांतल्या ढोल बडवणाऱ्याला घरी जायची घाई आहे. गिटारचा आवाज मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा आहे, तो तेव्हाही तसाच होता आणि मला अजून आवडतो. गाणाऱ्याची मात्र पार वाट लागलीय. ज्याला मी सत्ताविसाव्या वर्षी नरकातला कोणी मुरलेला इसम समजत होतो, तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, हे साठी उलटल्यावर पहिल्याच ओळीत कळतं. त्याला सर्दी झालीय आणि तो स्वतःलाच घाबरवतोय. नव्याने नोकरीला लागलेला माणूस साहेबाचं नाव घेतो तितक्या उत्साहाने तो सैतानाचं नाव घेतो. त्याला आल्याचा काढा करून द्यावा असं मला मनापासून वाटलं.

म्हणजे रेकॉर्ड टिकली का? निम्मी टिकली. पण माझ्या मतावर फार जाऊ नका, कारण मी जी रेकॉर्ड ऐकत वाढलो, म्हणजे बाप झालो, ती थोडी वेगळी होती. तिच्यात माझे काका होते.

कॅसेट माझ्याकडे आली ती चुकून. माझा मावसभाऊ बोटीवर खलाशी होता. माझ्या लग्नात त्याने टेपरेकॉर्डर आहेर केला आणि त्याच्या पोटात ही कॅसेट तशीच राहून गेली. उत्तरेकडच्या कुठल्यातरी बर्फाळ बंदरात इंजिनरूममधल्या एका सोबत्याने त्याला ती भरून दिली होती. सोबत झेरॉक्सचा एक घडी घातलेला कागद होता, त्यावर काळ्या शाईच्या राड्यात शिंगं असलेलं एक तोंड. हे तोंड सैतानाचं आहे असं मला वाटलं. काकांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि बोकड चांगला पोसलेला आहे असं सांगितलं.

मी तेव्हा पोफळीच्या वीजघराच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. वीजघर डोंगराच्या पोटात, बोगद्यातून आत जायचं, आणि आत गेलं की यंत्रांची घुमणारी घूं कानांत नाही तर दाढांत ऐकू यायची. ती घूं मला आवडायची. ह्या कॅसेटमध्ये तीच घूं होती, म्हणून मला ती पहिल्यापासून ओळखीची वाटली. कुटुंबासाठी क्वार्टर मिळायचा नंबर लागला नव्हता, त्यामुळे मी एका देशावरच्या ऑपरेटरबरोबर खोलीत राहायचो. पहिल्यांदा कॅसेट लावली तेव्हा त्याने मान तिरकी करून दोन गाणी ऐकली आणि बेअरिंग गेलंय असं निदान केलं. तो आपल्या कामात हुशार होता.

बायको गावी, काका-काकींकडे. माझे आई-वडील मी लहान असतानाच गेले, आणि ह्या दोघांनी मला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. चिपळूणच्या पुढे डोंगर उतरला की आमचं गाव, त्यात वरची वाडी आणि खालची वाडी, आणि खालच्या वाडीत आमचं घर. त्या घराची ओळख एकच होती. माझे काका रावण होते.

हे नीट सांगायला हवं. शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधोमध बांधलेल्या चौथऱ्यावर बसते आणि तिच्यापुढे खेळे होतात. मृदंग, झांजा, काळ्या कपड्यांतला संकासुर, लुगडी नेसून गवळणी झालेले मिशाळ गडी, आणि सर्वांत शेवटी रावण. इतर गावांत खेळे रात्री होतात. आमच्याकडे भर दुपारी, कारण पूर्वी कधीतरी सहाणेमागच्या रानातून वाघ आला होता आणि सगळ्या गवळणी लुगडी वर धरून पळाल्या होत्या. रावणाचा मान आमच्या घराचा. त्याचा फणसाच्या लाकडाचा मुखवटा आमच्या पडवीत, देवघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. मधलं तोंड मोठं, सुळे बाहेर आलेले, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर उरलेली तोंडं रंगवलेली. काकी त्याला रोज कुंकू लावायच्या, आणि पाहुणे आले की त्यांची त्याच्याशी ओळख करून द्यायच्या.

रावण एकदम येत नाही. दोघे जण आडवं धोतर धरतात, त्याच्या आड रावण उभा राहतो आणि डरकाळी फोडतो. धोतराच्या अलीकडे पाटावर गावातलं सर्वांत लहान, पण स्वतःचं स्वतः बसू शकणारं मूल बसवतात. डरकाळी ऐकून ते रडलं, की गावातल्या सगळ्या पोरांची वर्षभराची भीती मोडली असं धरतात. पोर नाही रडलं तर रावण कच्चा. ही रीत कोणी घातली ठाऊक नाही, पण तिच्यापुढे आमच्याकडे कोणाची मात्रा चालत नाही.

काकांची डरकाळी नामांकित होती. पण आयुष्यभर बागेतली वानरं हाकलण्यात आणि विड्या ओढण्यात त्यांचा घसा गेला. चिपळूणच्या डॉक्टरांनी बोलणं कमी करा सांगितलं, तोवर कमी करण्याजोगं फारसं उरलंही नव्हतं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसे त्यांचे शब्द निघायचे. त्या वर्षीच्या शिमग्यात त्यांनी जीव खाऊन डरकाळी फोडली, आणि पाटावरच्या पोराने जांभई देऊन समोरचं झेंडूचं फूल तोंडात घातलं. सगळं गाव हसलं. गावकर, म्हणजे आमच्या गावातल्या मानपानाचा निवाडा करणारे वृद्ध गृहस्थ, ते तेवढे हसले नाहीत. त्यांनी आणखी एक शिमगा दिला. पुढच्या वेळीही पोर रडलं नाही, तर मुखवटा वरच्या वाडीला जाणार.

वरच्या वाडीत रावण तयारच होता. गिरणी बंद पडून मुंबईहून परत आलेला एक गृहस्थ. कामगारांच्या नाटकांतून कामं केलेला, छाती भरलेली, आणि आवाज असा की त्याने वरून बायकोला हाक मारली तर खाली आमच्या काकी ओ द्यायच्या.

काका संध्याकाळी विडी घेऊन पडवीत बसायचे ते कोनाड्याखाली बसायला लागले. वर्षातून एकदा सगळं गाव त्यांच्याकडे तोंड करून बसायचं. एरवी त्यांच्याकडे कोणी मान वळवून बघत नसे. तो दिवस गेला असता तर मागे उरला असता फक्त वानरं हाकलणारा एक माणूस, आणि तोही आवाज नसलेला. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

त्याच आषाढात आमची मुलगी झाली. गोरीपान, गुटगुटीत, आणि झोपेची वैरी. संध्याकाळी दिवे लागले की ती सूर धरायची तो सगळं घर दमेपर्यंत. काकींनी दृष्ट काढली, बायकोने ओव्या म्हटल्या, शेजारणीने बाळाच्या उशाखाली कोयती ठेवली. मी दर शनिवारी पोफळीहून एस.टी.ने टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन यायचो. एका रविवारी माझं मन रमवावं म्हणून पडवीत हळू आवाजात ती कॅसेट लावली. आतून चाललेलं रडणं तुटल्यासारखं थांबलं. बायको धावत बाहेर आली, काय झालं बघायला. पोर पाळण्यात डोळे मिटून, मूठ चोखत पडली होती. खात्री करावी म्हणून बायकोने टेप बंद केला. मुलगी जागी झाली. टेप लावला. झोपली. त्या दिवसापासून जगातल्या एका अतिभयंकर रेकॉर्डीला आमच्या घरात अंगाईचा दर्जा मिळाला.

काका त्या वेळी ओटीवर होते. त्यांनी टेपला कान लावला, डोळे मिटले आणि एक बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले,

'ह्येचा पन घसा बसलाय रं. तरी ह्येला कोन गप बस म्हनत न्हाय?'

मी सांगितलं की नाही, उलट लोक पैसे देऊन ऐकतात. काकांनी पुन्हा लावायला सांगितलं. हा कुठला, म्हणून विचारलं. उत्तरेचा, बर्फातला, असं मी म्हटल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला, आणि त्या पोराच्या सर्दीबद्दल त्यांना तेव्हाच समजलं होतं जे मला समजायला साठी उलटावी लागली.

सोमवारी टेपरेकॉर्डर माझ्याबरोबर पोफळीला परत जायचा. आठवडाभर पोरीला झोपवायचं कोणी? काकांनी. पाळण्याची दोरी हातात घेऊन ते ती घरघर काढायला लागले. धडक्या घशाच्या माणसाला ती जमली नसती. आवाज बाहेर ढकलायचा नाही, अर्धा श्वास आत ठेवून छातीतून खरवडत वर आणायचा, असं काहीतरी ते मला समजावून सांगायचे. एका शनिवारी मी पायऱ्या चढत होतो तर आतून माझी कॅसेट ऐकू आली, आणि कॅसेट तर माझ्या पिशवीत होती. पडवीत काका बसले होते, मांडीवर पोर, आणि दोघेही अतिशय समाधानात.

मग त्यांना आपला आवाज त्या बर्फातल्या पोराशी ताडून बघायची हौस आली. मी आंघोळीला गेलो असताना त्यांनी टेपचं लाल बटण दाबलं. परिणामी पाचव्या गाण्याच्या मधोमध एक खटका, मग काकांची घरघर, मग कोंबडा, मग चहा झालाय म्हणून काकींची हाक, पुन्हा खटका, आणि उरलेलं गाणं. मुंबईपासून गोव्यापर्यंत ह्या रेकॉर्डीची दुसरी प्रत नसेल अशी माझी समजूत होती. मी टॉवेलवरच बसून तो भाग तीनदा ऐकला. बायको म्हणाली की तिला काही फरक कळत नाही.

तर ते पाचवं गाणं. काकांनी पुसलं तिथे काय होतं ते मी विसरलो होतो आणि त्याची मला इतकी वर्षं हुरहूर होती. दिवाळीत ते पुन्हा सलग ऐकलं. तिथे काहीही नाही. पोरगा आधी जे ओरडला तेच परत ओरडतो. कोंबडा आणि चहा असलेलं आमचं गाणं त्याहून कितीतरी सरस होतं, आणि हे मी घरचं माणूस म्हणून नाही, ऐकणारा म्हणून सांगतोय.

माघात काकांनी ती घरघर पहिल्यांदा उघड्यावर काढली. काजूच्या झाडावर वानरांचं टोळकं बसलं होतं. काकांनी खालून छाती खरवडली तशी टोळक्यातल्या हुप्प्याने हातातला बोंडू टाकला आणि सगळी वानरं जी गेली ती दिवस मावळेपर्यंत फिरकली नाहीत. ही बातमी खालच्या वाडीत घरोघर पोचली. खेळ्यांच्या सरावात मृदंग वाजवणाऱ्याचा हात थांबला. एका गवळणीला रात्री ताप भरला. गावकरांच्याही कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून विचारलं की तो कॅसेटमधला माणूस देवाला शिव्या देतो म्हणे, ते कोणत्या भाषेत? इंग्रजीत, म्हटल्यावर त्यांनी आपल्या देवीला त्याची बाधा नाही असा निर्वाळा दिला. खालची वाडी खूश. रावण राहिला असं सगळे धरून चालले.

पाटावर कोण बसणार हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. होळीला पंधरवडा उरला तेव्हा गावकरांनी पोरं मोजायला घेतली आणि सर्वांत लहान बसतं मूल आमचं निघालं.  काकीच म्हणाल्या की ही तर त्या आवाजावर झोपते.

आता एकच आशा होती. वरच्या वाडीत, त्या गिरणीवाल्याच्याच घरात, आमच्या मुलीहून दोन महिन्यांनी लहान नातू होता. तो बसायला लागला तर पाट त्याचा. पुढचा आठवडा आमची सगळी वाडी एका परक्या पोराच्या कमरेकडे डोळे लावून होती. काकी तेलाची वाटी घेऊन तिकडे मालिशीला जायला लागल्या. ह्यापूर्वी त्या घराशी त्यांचं विहिरीवरही बोलणं नव्हतं. कोणी खुळखुळा नेला, कोणी त्याला टेकायला तांदळाची उशी शिवून दिली. वरच्या वाडीला हे सगळं कळत होतं. त्यांनी पोराला जमिनीला टेकूच दिलं नाही. गिरणीवाला त्याला सकाळपासून खांद्यावर घेऊन हिंडायचा, आणि कोणी विचारलं तर मुलाची पाठ अजून कोवळी आहे म्हणायचा.

गावकर स्वतः बघायला गेले. घोंगडीवर पोराला ठेवलं. ते क्षणभर ताठ बसलं, आमच्या लोकांनी श्वास धरला, आणि मग ते भाताच्या पोत्यासारखं एका अंगावर कललं. काकींचं म्हणणं, ते घरी बसतं, चारचौघांत मुद्दाम पडतं, त्याला शिकवलंय. गावकरांनी बसत नाही असा निवाडा दिला आणि उठले.

त्यानंतरची युक्ती माझ्या बायकोची. शिमग्यापर्यंत पोरीच्या कानावर ती घरघर पडू द्यायची नाही. टेपरेकॉर्डर पेटीत. काकांनी तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही, शक्यतो समोर यायचंच नाही. इतक्या लहान मुलांना आठवडाभरात विसर पडतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं. काकांनी मान डोलावली. मुखवट्यासाठी ते काहीही करायला तयार होते.

मी रजा घेऊन आलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यादेखत झालं. पोरगी रडली. पहिल्या संध्याकाळी रडली, दुसऱ्या दिवशी सकाळपासून रडली. पाटावर हवं होतं त्याच्या दसपट रडून तिने घर डोक्यावर घेतलं. काका बागेत जाऊन बसायचे, पण रडणं बागेतही ऐकू जायचं. जेवायला आले की ती त्यांच्याकडे बघून दोन्ही हात वर करायची, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून भात कालवायचा.  मी कधी नव्हे ते बायकोवर चिडलो. ती म्हणाली की मग तुम्ही सांगा दुसरं काही. 

पालखीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोरीचा आवाज बसला. रडायला तोंड उघडायची आणि आतून नुसती हवा यायची. काका दारात उभे होते. ते आत आले, बायकोच्या हातून तिला घेतलं, पडवीत कोनाड्याखाली जाऊन बसले आणि छातीतून ती घरघर वर आणली. पोरीने एक लांब हुंदका दिला, त्यांच्या बंडीचं टोक मुठीत धरलं आणि झोपली.  काकींनी मुखवट्याकडे पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. रावण त्याच वेळी गेला होता हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहाणेवर गाव जमलं. मुलीने मला वाचून दाखवलेल्या त्या लेखांत असं लिहिलंय की ह्या रेकॉर्डीने त्या काळी ऐकणाऱ्यांचा थरकाप उडवला. थरकापाचं मला माहीत नाही, पण तिच्या परिणामाची जाहीर परीक्षा झाली असेल तर ती आमच्या गावात, देवीच्या पालखीसमोर, उन्हात.

संकासुर नाचून गेला. गवळणी मिशांना घाम पुसत बाजूला झाल्या. दोघांनी आडवं धोतर धरलं. अलीकडे पाटावर आमची मुलगी, कपाळावर टिळा, हातात नारळाची शेंडी. गिरणीवाला पुढच्या रांगेत नातवाला मांडीत घेऊन बसला होता. मृदंग थांबला आणि धोतराआडून काकांनी डरकाळी फोडली.

त्या पोरट्याच्या रेकॉर्डीत असं काही नव्हतं. आजही नाही. जमिनीखालून काहीतरी जड ओढत आणावं तसा तो आवाज आला आणि अंगावरून गेला. विड्या विझल्या. सहाणेवरचं कुत्रं पालखीखाली शिरलं. मांडीतल्या, कडेवरच्या, बाकावर उभ्या असलेल्या सगळ्या पोरांनी एकदम भोकाड पसरलं, आणि सगळ्यांत मोठ्याने गिरणीवाल्याच्या नातवाने. तो आजोबाच्या मांडीवरून सटकला आणि खाली मातीत कोणाच्याही आधाराशिवाय ताठ बसून रडायला लागला.

आमच्या मुलीने शेंडी टाकली. आवाज कुठून आला ते बघितलं. मग ती पाटावरून उतरली, चार पायांवर धोतरापर्यंत गेली आणि त्याच्या खालून आत शिरली.

धोतर सोडलं तेव्हा रावण तलवार उगारून उभा होता आणि त्याच्या पायाला मिठी मारून एक पोर बसलं होतं. आधी कोणाला कळेचना. मग असा हशा उठला की मृदंगवाला खाली बसला. आरतीशिवाय रावणाने मुखवटा उतरवायचा नसतो, आणि तो घातला की खालचं दिसत नाही. काकांनी तलवार टाकली, सगळी तोंडं सांभाळत हळूहळू वाकले, चाचपडत तिला शोधलं आणि कडेवर घेतलं. मग मृदंग वाजायला लागला आणि रावण नाचला. ती सुळा धरून हसत होती. इतका चांगला नाच मी काकांचा कधी पाहिला नव्हता.

आरती झाल्यावर आमच्या वाडीने वाद घातला. तो नातू रडला, आणि बसूनही रडला, म्हणजे तोच पाटावरचा धरावा. गावकरांनी सगळं ऐकून घेतलं. निवाडा पाटावरच्या पोराचा होतो आणि पाटावरचं पोर रडलं नाही, असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. रीत ती रीत. काका नमस्कार करून बाजूला झाले. आमच्या वाडीतले दोन म्हातारे उघड रडले.

मुखवटा त्याच संध्याकाळी वरच्या वाडीला गेला. काकांनी तो स्वतः नेला. गिरणीवाल्याच्या बायकोने त्याला ओवाळलं, गिरणीवाला काकांच्या पाया पडला, आणि दोघांनी आंब्याच्या मोहराविषयी बोलून घेतलं. परतताना काकांच्या खांद्यावर पोर होती. तिच्यासाठीच मी तिथवर त्यांच्याबरोबर गेलो होतो, पण त्यांनी तिला माझ्याकडे दिलीच नाही.

मला राहवलं नाही. आणखी एक दिवस गप्प राहिला असतात काका, तर रावण आपल्याकडे राहिला असता, असं मी म्हणालो. मला खरंच फार वाईट वाटत होतं. काका बांधावर थांबले. दम घेतला. पोर झोपली आहे का ते बघितलं.

'इतकी वर्सं त्या धोतराआड हुबा ऱ्हायलो,' ते म्हणाले. 'समदी पोरं भायर रडायची. आत कोन आलं न्हवतं.'

मग तिला दुसऱ्या खांद्यावर घेऊन ते बांध उतरायला लागले.